एका जपानी चित्रकथेवरील मतमतांतरें

कोणत्याहि कलाकृतीचा पहिला निकाल प्रेक्षकच देऊन टाकतो, व टीकाकाराच्या वांट्यास पुष्कळदां त्या निकालाचीं कारणें शोधण्याचें कामच तेवढें उरतें. हें काम कमी प्रतीचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. एखादी कृति लोकांना कां आवडली ह्यापेक्षां ती आवडणाऱ्यांतच दोन तट कां पडले, हा प्रश्न अधिक उद्बोधक असतो. कारण तेथें कृतीची परीक्षा होतेच, पण त्याबरोबर प्रेक्षकाचीहि होते. 'विनलँड सागा' ह्या जपानी चित्रमालिकेसंबंधानें असे तट आमच्या भोंवतीं पडले आहेत. मनोरी गांवांतील, व तेथून होडीनें मार्व्याची खाडी ओलांडून मालाड-बोरिवलीकडे शिकावयास जाणाऱ्या तरुण मंडळींचीं ह्या विषयावरील भांडणें ऐकण्याचा योग आम्हांस वारंवार आला. घरांतील वडील मंडळींचीं मतेंहि कानीं पडलीं. त्या सर्वांचा परामर्श घेण्याचा येथें विचार आहे.

प्रथम कृतीची ओळख करून देणें अवश्य आहे. कारण ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं ती पाहिली नसेल, आणि ज्यांनीं पाहिली त्यांपैकीं कांहींनीं ती नातवाच्या खांद्यावरून, दोन मिनिटेंच, पाहिली असेल. माकोतो युकिमुरा ह्या चित्रकथाकारानें २००५ सालीं ही कथा चित्रबद्ध करून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. प्रथम ती एका साप्ताहिकांत येत होती. पण साप्ताहिकाची घाई तिला मानवली नाहीं, व त्याच वर्षाच्या अखेरीस ती एका मासिकांत गेली. तेथें ती वीस वर्षें सावकाश चालून २०२५ च्या जुलै महिन्यांत पूर्ण झाली. तिच्या आरंभीच्या भागावरून शुहेई याबुता ह्या दिग्दर्शकानें जी हलत्या चित्रांची मालिका केली, तिचे चोवीस भाग २०१९ सालीं व पुढचे चोवीस २०२३ सालीं निघाले. आमचे विद्यार्थी ह्या प्रकारास 'ॲनिमे' म्हणतात, आणि मूळ जपानी संवाद ऐकत खालीं उमटणारीं इंग्रजी अक्षरें वाचीत तो पाहतात.

कथा अकराव्या शतकाच्या आरंभींची, युरोपच्या उत्तरेकडील दर्यावर्दी लुटारूंची आहे. थॉर्स नांवाचा एक अजिंक्य योद्धा मुलगी जन्मल्यावर शस्त्रें टाकून पळून जातो व आइसलंडमध्यें शेतकऱ्यासारखा राहूं लागतो. पुढें त्यास कपटानें गांठण्यांत येतें. द्वंद्वांत तो आस्केलॅड ह्या लुटारूंच्या नायकास जिंकतो. पण आपल्या सोबत्यांच्या प्राणांच्या बदल्यांत स्वतः बाणांपुढें उभा राहतो. हें सारें त्याचा लहान मुलगा थॉर्फिन डोळ्यांनीं पाहतो, आणि बापाच्या मारेकऱ्यास द्वंद्वांत मारतां यावें एवढ्याचसाठीं त्या मारेकऱ्याच्याच टोळींत दहा-अकरा वर्षें घालवितो. त्याच्यासाठीं हेरगिरी करतो, माणसें मारतो. शेवटीं आस्केलॅड दुसऱ्याच कारणासाठीं, दुसऱ्याच्याच हातून मरतो. सूडावर जगलेल्या मुलाचा सूडच हिरावला जातो, आणि पहिले चोवीस भाग संपतात. त्या चोविसाव्या भागास कर्त्यानें जें नांव दिलें आहे त्याचा अर्थ 'प्रस्तावना समाप्त' असा आहे. उत्तरार्धांत थॉर्फिन डेन्मार्कांतील केटिल नांवाच्या धनिकाच्या शेतावर गुलाम आहे. आयनर ह्या दुसऱ्या गुलामाबरोबर तो जंगल तोडतो, बुंधे उपटतो, नांगरतो, गहूं पेरतो. बारा-पंधरा भाग मुख्यतः एवढेंच घडतें.

आतां मतें. सर्वांत मोठ्यानें बोललें जाणारें मत वडील मंडळींचें, व तें असें कीं, मुलांच्या चित्रांत इतका रक्तपात कशाला? हें मत देणारांस आम्ही हसणार नाहीं. पहिल्या चोवीस भागांत रक्तपात खरोखरीच फार आहे. खेडीं जाळलीं जातात, निःशस्त्र माणसें रांगेनें कापलीं जातात, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलानें तें पाहूं नये असें आम्हांसहि वाटतें. पण ह्या आक्षेपांतील 'मुलांच्या' हा शब्द गैरसमजावर उभा आहे. चित्र हललें कीं तें मुलांसाठीं, हा समज आपल्याकडे दूरदर्शनच्या काळांत रुजला. जपानांत १९८९ सालीं निघालेली 'जंगल बुक' मालिका १९९३ च्या सुमारास आपल्या घरोघरीं हिंदींतून आली, आणि शेरखानास नाना पाटेकरांचा आवाज लाभल्यामुळें तर ती आपलीच वाटली. तेव्हांपासून जपानी चित्र म्हणजे रविवारची सकाळ, असें समीकरण बसलें. मग 'शिन-चॅन' आला. मुलें उद्धट होतात अशी पालकांची ओरड झाली, आणि २००८ सालीं सरकारनें त्याचें प्रक्षेपण कांहीं काळ थांबविलें. त्या वेळीं फारच थोड्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं, जपानांत तो शिन-चॅन मूळचा प्रौढांच्या साप्ताहिकांतला. वस्तु एका वयाची, गिऱ्हाईक दुसऱ्या वयाचें, आणि दोष मात्र वस्तूचा, असा हा प्रकार. 'विनलँड सागा'वरील पहिला आक्षेप ह्याच घराण्यांतला आहे. घरांत शाकुंतलाचें पुस्तक आणि अंकलिपी एकाच फळीवर ठेवली म्हणून तीं एकाच वाचकाचीं होत नाहींत.

दुसरें मत तरुणांपैकीं एका मोठ्या वर्गाचें. त्यांना पूर्वार्ध अतिशय प्रिय आहे व उत्तरार्ध कंटाळवाणा वाटतो. ज्या मालिकेंत जहाजें, लढाया, डावपेंच होते तिच्यांत अचानक नांगर आणि शेणखत आलें, ही त्यांची तक्रार. जगभरच्या प्रेक्षकांनीं थट्टेनें ह्या भागास 'फार्मलँड सागा' असें नांव ठेवलें, तें आमच्याकडील मुलांच्याहि तोंडीं आहे. तिसरें मत ह्याच्या नेमकें उलट; उत्तरार्धच श्रेष्ठ, कारण तो 'मॅच्युअर' आहे.

हा 'मॅच्युअर' शब्द आम्हीं इतक्या वेळां ऐकला कीं त्याची थोडी झडती घेणें भाग आहे. वडील मंडळी जेव्हां ही मालिका 'मॅच्युअर' म्हणतात, तेव्हां त्यांना ती अल्पवयीनांस वर्ज्य आहे असें म्हणावयाचें असतें. तरुण तोच शब्द वापरतात तेव्हां ती गंभीर आहे, दुःखद आहे, असें त्यांच्या मनांत असतें. मराठींत ह्यासाठीं निरनिराळे शब्द आहेत व त्यांचा उपयोग केला असता तर निम्मा वाद मिटला असता. 'प्रौढ' शब्दांत वयाचा निर्देश आहे. 'पोक्त' शब्दांत वयास न शोभणाऱ्या शहाणपणाची किंचित् थट्टाहि आहे. आणि 'परिपक्व' म्हणजे जें आंच सोसून, वेळ खाऊन तयार झालें तें. रक्तपात दाखविल्यानें कृति फार तर प्रौढांपुरती होते. परिपक्व होण्यास तिला दुसरें कांहीं करावें लागतें, आणि 'विनलँड सागा'नें तें केलें आहे कीं नाहीं हाच खरा वादाचा मुद्दा.

आमच्या मतें केलें आहे, आणि तें नेमकें त्या कंटाळवाण्या म्हटलेल्या भागांत. पूर्वार्ध आवडणारांस आम्ही एकच विचारतों. बापाचा खून डोळ्यांनीं पाहिलेला मुलगा दहा वर्षें माणसें मारीत होता. त्यानें ज्यांना मारलें त्यांचींहि मुलें होतीं. त्यांचें काय झालें, हा प्रश्न पूर्वार्धांत एकदां तरी तुमच्या मनांत आला काय? बहुतेकांनीं प्रांजळपणें 'नाहीं' म्हणून सांगितलें. तो प्रश्न थॉर्फिनच्या मनांतहि आलेला नव्हता. उत्तरार्धांत तो रोज रात्रीं ओरडत उठतो, पण जागा झाल्यावर त्यास स्वप्न आठवत नाहीं. मालकाच्या नोकरांनीं हेव्यानें त्याच्या गव्हाचीं रोपें उपटून टाकल्यावर मारामारी होते, तो बेशुद्ध पडतो, आणि तेव्हां तें विसरलेलें स्वप्न त्यास प्रथमच पुरें दिसतें. खालीं मेलेल्यांचा अखंड चाललेला संग्राम, व त्यांत त्यानें स्वतः मारलेल्यांचे चेहरे. हा प्रसंग येण्यापूर्वीं नांगर, बुंधे आणि शेणखत ह्यांचे इतके भाग कां खर्चावे लागले, ह्याचें उत्तर त्या प्रसंगांतच आहे. ज्यानें आयुष्यांत कांहीं उगवलेलें नाहीं त्यास उपटल्याचें दुःख कळत नाहीं. प्रेक्षकासहि कळत नाहीं. म्हणून त्यालाहि तितकाच काळ शेतांत राबवावें लागलें. कंटाळा येथें हेतुपुरस्सर आहे, आणि ज्यांनीं तो सोसला त्यांनाच तीं रोपें उपटलेलीं पाहून राग आला.

आपल्या साहित्यशास्त्रास ही चाल अपरिचित नाहीं. भरतानें रस आठच सांगितले. शांत हा नववा मागाहून आला, व त्याची बाजू मांडण्यासाठीं अभिनवगुप्तास पुष्कळ श्रम पडले. पण त्याच्याहि पूर्वीं आनंदवर्धनानें एक धाडसी विधान करून ठेवलें होतें. महाभारताचा प्रधान रस शांत आहे. अठरा दिवसांच्या संहाराचें काव्य, आणि त्याचा रस शांत! विधान विचित्र वाटतें तें युद्धपर्वांवर पोथी मिटणारांस. युद्धानंतरचीं पर्वें वाचलीं, शोक करणाऱ्या स्त्रिया पाहिल्या, जिंकलेल्या धर्मराजास राज्य नकोसें झालेलें पाहिलें, म्हणजे मागचा सारा वीररस मागें वळून निराळा दिसूं लागतो. 'विनलँड सागा'च्या पूर्वार्धावर थांबणारा प्रेक्षक म्हणजे शल्यपर्वावर पोथी मिटणारा वाचक. युकिमुरानें आनंदवर्धन वाचला असेल असें आम्ही सुचवीत नाहीं. चोवीस भागांना 'प्रस्तावना' म्हणणाऱ्या माणसास तें वाचण्याची गरजहि नव्हती.

मनोरीस ऐकलेल्या मतांपैकीं दोन मतें मात्र ह्या ठरीव पक्षांत बसत नाहींत, व तीं आम्हांस सर्वांत मोलाचीं वाटलीं. एक मासेमारींत जन्म घालविलेल्या वृद्ध कोळी गृहस्थांचें. नातवाबरोबर त्यांनीं आरंभींचे दोन-तीन भाग पाहिले. लढाईविषयीं ते कांहीं बोलले नाहींत; पण जहाजावरचीं माणसें वारा पडल्यावर कशीं बसतात आणि वल्हीं कशीं धरतात हें काढणाऱ्यास माहीत आहे, असें त्यांनीं सांगितलें. पंडित टीकाकार शेंकडों पानें लिहून जें प्रमाणपत्र देऊं शकणार नाहीं तें हें होय. कलाकृतीचा विश्वास अशा ठिकाणीं बसतो, आणि मग तिनें पुढें सांगितलेली कठीण गोष्टहि माणूस ऐकून घेतो.

दुसरें मत एका ईस्ट इंडियन घरांतील बाईंचें. मालिकेंत विलिबाल्ड नांवाचा एक मद्यपी पाद्री आहे; तो राजपुत्र कॅन्यूटास सांगतो कीं, तुझ्यावर जीव टाकणाऱ्या सेवकाचें तुझ्यावर प्रेम नव्हतें, तो पक्षपात होता. प्रेम म्हणून ज्यास म्हणतां येईल तें बर्फांत पडलेल्या प्रेताजवळ आहे. तें कोणाचा द्वेष करीत नाहीं, कोणास लुटीत नाहीं, आणि आपला देह पशुपक्ष्यांस देऊन टाकतें. आमच्या तरुण मित्रांनीं हा प्रसंग 'डीप' म्हणून वाखाणला. ह्या बाईंना तो बोचला. पाद्री दारू पितो ह्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आईचें लेंकराविषयींचें प्रेम पक्षपात असेल तर असो, पण तेवढा पक्षपात कोणींच केला नसता तर तो पाद्रीहि वाढला नसता, असें त्यांचें म्हणणें. कथेंतहि ह्या बोलण्याचा परिणाम भला झालेला नाहीं. हें ऐकून राजपुत्र देवाशीं भांडण मांडतो व तलवारीनें पृथ्वीवर स्वर्ग आणावयास निघतो. प्रेमाची व्याख्या इतकी उंच नेऊन ठेवली कीं तीखालीं माणसें मारण्यास मोकळीक मिळते, हें त्या बाईंच्या ध्यानांत आलें व 'डीप' म्हणणारांच्या आलें नाहीं.

ह्याच मालिकेंत एक प्रसंग असा आहे कीं त्याविषयीं सर्व पक्षांचे लोक आवाज खालीं करून बोलतात. केटिलच्या घरीं आर्नहाइड नांवाची गुलाम स्त्री आहे. ती त्याची भोगदासी आहे व तिच्या पोटांत त्याचें मूल आहे. तिचा हरवलेला पति परत येतो, मारला जातो. आणि केटिल, जो आतांपर्यंत दयाळू मालक म्हणून आपणांस आवडूं लागलेला असतो, तिला काठीनें मरेपर्यंत मारतो. आमच्या एका विद्यार्थिनीनें ह्यापुढें मालिका पाहिली नाहीं. पूर्वार्धांत शेंकडों मेले तेव्हां तिला कांहीं वाटलें नव्हतें, असें तीच म्हणाली.

असा अनुभव मराठी प्रेक्षकास नवा नाहीं. १९१९ सालीं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें. त्यांत मद्यधुंद सुधाकराच्या हातून त्याचें तान्हें मूल मरतें व सिंधूहि मरते. तें पाहून ढळढळां रडणारे प्रेक्षक पुन्हां पुन्हां तिकीट काढून जात. ह्या कोड्यावर आपल्याकडे बराच ऊहापोह झाला. नरसिंह चिंतामण केळकर यांनीं १९२१ च्या बडोदें येथील साहित्यसंमेलनांत मांडलेली सविकल्प समाधीची उपपत्ति पुष्कळांस आठवत असेल; आपलें भान न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरणें, ह्यांत वाचकाचा आनंद आहे असा तिचा इत्यर्थ. ह्या उपपत्तीवर नंतर आक्षेप पुष्कळ झाले, पण आमच्या प्रस्तुत कामास ती उपयोगी पडते. पूर्वार्धांत प्रेक्षकाची समाधि कोणाशीं लागते? मारणाराशीं. मरणारा तेथें निनांवी असतो, त्याच्या भूमिकेंत शिरण्यास दारच नसतें. आर्नहाइडच्या बाबतींत कर्त्यानें आधीं दहा-बारा भाग तिला स्वयंपाक करतांना, पाणी आणतांना, हंसतांना दाखविलें, आणि मग काठी उगारली. त्या विद्यार्थिनीनें मालिका सोडली हें आम्ही मालिकेचें यशच समजतों. हिंसा तिला प्रथमच हिंसा म्हणून दिसली.

भरतानें रंगभूमीवर युद्ध आणि मरण प्रत्यक्ष दाखवूं नये, तें सूचित करावें, असा दंडक घालून दिला आहे. तो पाळला असता तर पूर्वार्धाचें कांहींच बिघडलें नसतें असें आम्हांस वाटतें, आणि आमची पहिली मोठी तक्रार येथें आहे. थॉर्केल नांवाचा एक अचाट दांडगा वीर ह्या कथेंत आहे. तो माणसें फेंकतो, चिरडतो, आणि हें सर्व विनोदासाठीं. कर्ता एका हातानें हिंसेचा निषेध लिहितो व दुसऱ्या हातानें तिचे लाडू वाटतो. पूर्वार्धाचे भक्त जर पुढें निराश झाले, तर त्यांना ती चटक लावली कोणी?

आतां शेवटचा वाद, जो मार्व्याच्या होडींत आम्हीं सर्वांत कडाक्याचा ऐकला. कॅन्यूट राजा होऊन केटिलचें शेत जप्त करण्यास सैन्यासह येतो. शस्त्र न धरण्याची शपथ घेतलेला थॉर्फिन राजाची भेट मागतो. सैनिक म्हणतो, माझे शंभर ठोसे सोस, मग भेट. तो हात न उचलतां शंभर ठोसे सोसतो, आणि समोरच्याशीं वैर मानण्यासच नकार देतो. राजा भेटतो, ऐकतो, परत जातो. ह्यावर एका पक्षाचें म्हणणें, हें भाबडें आहे. असें कोणी मार खात नाहीं आणि खाल्ला तरी राजे परत जात नाहींत.

ह्यांतील पहिल्या विधानास उत्तर देण्यास आम्हांस जपानांत जावें लागत नाहीं. १९३० सालीं ह्याच उपनगरांत, विलेपारल्यास, मिठाच्या सत्याग्रहाची छावणी होती. त्याच उन्हाळ्यांत वडाळ्याच्या मिठागरांवर लोक लाठ्यांखालीं गेले, आणि धारासण्यास तर रांगेमागून रांग पुढें होऊन डोकीं फुटेपर्यंत मार खात राहिली, हात वर न करतां. तीं माणसें अजिंक्य योद्धे नव्हतीं. जें ह्या मुलांच्या आजे-पणज्यांच्या काळांत त्यांच्या घरापासून रेल्वेच्या अंतरावर घडलें, तें चित्रांत पाहून 'अशक्य' म्हणणें हें विस्मरण आहे. ह्या बाबतींत इतिहासाच्या शिक्षकांकडेहि, म्हणजे आमच्याच व्यवसायबंधूंकडे, थोडा दोष जातो.

पण दुसऱ्या विधानांत तथ्य आहे. कॅन्यूट फार लवकर परत जातो. त्याच्या मनांतील बदल कर्त्यास जितका स्पष्ट होता तितका प्रेक्षकास होत नाहीं, आणि वीस भाग सावकाश चाललेली कथा येथें एकाएकीं धांवते. ह्याहून खोल उणीव अशी कीं, थॉर्फिनची अहिंसा ही ज्याच्या अंगांत शंभर ठोसे पचविण्याचें बळ आहे अशा माणसाची अहिंसा आहे. गांधींनीं बलवानाची अहिंसा व दुर्बळाची अगतिकता ह्यांत भेद केला होता व पहिलीसच अहिंसा म्हटलें होतें. त्या कसोटीस थॉर्फिन उतरतो. पण आर्नहाइडचें काय? तिला शस्त्र टाकण्याचा मोठेपणा मिळणार कोठून? तिच्या हातीं शस्त्र कधींच नव्हतें. मालिका हा प्रश्न उभा करते, त्याचा भार थॉर्फिनच्या खांद्यावर टाकते, आणि त्यास नव्या भूमीच्या शोधास पाठविते, जेथें युद्ध नसेल व गुलाम नसेल.

ती भूमि म्हणजे विनलँड, अमेरिकेचा ईशान्य किनारा. १९६० पासून न्यूफाउंडलंडमध्यें झालेल्या शोधांत ह्या दर्यावर्द्यांच्या वस्तीचे अवशेष सांपडले आहेत, आणि तेथील तोडलेल्या लांकडांच्या वलयांवरून तीं झाडें १०२१ सालीं तोडलीं गेलीं असें २०२१ मध्यें सिद्ध झालें. वस्ती टिकली नाहीं. आलेले लोक थोड्याच काळांत परत गेले. हा शेवट युकिमुरास कथेच्या पहिल्या पानापासून ठाऊक असला पाहिजे. येथवरची मालिका तेथपर्यंत पोहोंचलेली नाहीं, आणि शेतीच्या भागास कंटाळलेले आमचे तरुण मित्र तूर्त तरी त्या नव्या भूमीवर पुन्हां नांगरच दिसणार म्हणून कुरकुरत आहेत.